‘झालं’ म्हणाला म्हणून

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे ‘नोंदवाली’ म्हणत. कुठल्या इमारतीत कुठली लिफ्ट, तिची तार कधी बदलली, दार कुठे अडकतं, ही सगळी कुंडली तिने कॉम्प्युटरवर मांडून ठेवली होती. प्रत्येक इमारतीचं एक पान. तिचा सख्खा मोठा भाऊ तिथेच मेकॅनिक होता. त्याच्या कामाची पानं मात्र कायम अर्धवट. काम सोन्यासारखं करायचा, पण लिहायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा.

“अगं, कोपरापर्यंत ग्रीस माखलंय माझ्या हाताला. मी लिफ्ट दुरुस्त करू की निबंध लिहू?”

त्याचंही खोटं नव्हतं. बाकीचे मेकॅनिकही त्याच माळेचे मणी. शेवटी साहेबांनी तिला सांगितलं, नोंदींची पानं आणि आपण सगळे ज्यावर बोलतो ते मेसेजचं अ‍ॅप एकमेकांना जोडून टाका. तिने खपून ते जमवलं. मेकॅनिक कामाला निघाला की त्या इमारतीच्या नावाने आपोआप एक ग्रुप उघडायचा. त्यात मेकॅनिक, ऑफिस आणि तिथला वॉचमन. काम संपलं की मेकॅनिकने एकच शब्द लिहायचा, ‘झालं’. तेवढ्यावर इमारतीचं पान लालचं हिरवं व्हायचं आणि वॉचमनच्या फोनवर निरोप जायचा: काम पूर्ण, लिफ्ट चालू करावी.

सुरुवातीला तिने मध्ये एक पायरी ठेवली होती. ऑफिसातल्या कुणीतरी मेकॅनिकला फोन करून खात्री करायची, बटण दाबायचं, मगच निरोप पुढे. पण ऑफिसातलं माणूस जागेवर नसलं की लिफ्ट उगाच बंद राहायची आणि रहिवासी साहेबांच्या डोक्यावर मिरे वाटायचे. साहेबांनी ती पायरी काढायला लावली.

“यंत्रावर सोपवलंय ना? मग मध्ये माणूस कशाला?”

“साहेब, एखाद्या दिवशी गफलत व्हायची.”

“मग तसा नियम लिहून ठेवा.”

तिने लिहून ठेवला. ‘काम पूर्ण झाल्यावरच हा शब्द लिहावा.’ दादा तर जाम खूश होता. “बहीण असावी तर अशी! एका शब्दात सुटका,” असं तो चारचौघांत सांगायचा.

त्या दिवशी दादा एका जुन्या पाचमजली इमारतीत गेला होता. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. त्यात उतरलेल्या माणसाला वरची लिफ्ट थांबवून ठेवता यावी म्हणून तिथे एक बटण असतं. ते बटणच बिघडलं होतं आणि तेच बदलायचं होतं. म्हणून वॉचमनने गच्चीवरच्या खोलीतला मुख्य स्विच बंद करून ठेवला होता.

दादाला काही दिवसांपासून पित्ताचा त्रास होत होता. वहिनीने नणंदेला बजावलं होतं, “तो वेळेवर डबा उघडतो का, जरा बघत जा. माझं काही ऐकत नाही.” कामावर असताना दादा आलेले मेसेज बघायचा नाही, बघायचा तो फक्त कामाचा ग्रुप. म्हणून दुपारी तिने ग्रुपमध्येच विचारलं, “दादा, जेवलास का?”

उत्तर आलं: “झालं.”

ती समाधानाने हसली. वहिनीला तसं कळवावं म्हणून तिने फोन उचलला, आणि समोर स्क्रीनवर त्या इमारतीचं पान हिरवं झालं.

तिला क्षणभर काही उमगलं नाही. मग लक्षात आलं, यंत्राने ते ‘झालं’ कामाचं धरलं होतं. तिने हिरवं पान परत लाल केलं. पण निरोप कधीच गेला होता, आणि गेलेला निरोप मागे बोलावण्याची सोय तिने केलेली नव्हती. तिने ग्रुपमध्ये लिहिलं, ‘लिफ्ट चालू करू नका.’ कुणी वाचलं नाही. वॉचमनचा फोन लागेना. गच्चीवरच्या त्या खोलीत फोनला रेंज येत नाही, ही नोंद तिच्याच पानावर होती. म्हणजे तो स्विचपाशी पोचला होता.

दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

धावत जावं तर इमारत गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग तिला इमारतीच्या फोटोतली पाटी आठवली. तळमजल्यावर एक दातांचा दवाखाना होता. तिने घाईघाईने नंबर शोधून लावला.

“नमस्कार, अपॉइंटमेंट हवीय का?” एका मुलीचा गोड आवाज.

“नाही, ऐका, तुमच्या इमारतीतली लिफ्ट—”

“एक मिनिट हं, लाइनवर राहा.”

आणि सतारीचं संगीत सुरू झालं. नोंदवालीने हाताची मूठ दातांत धरली. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस विचारत होता, “काय झालं? अहो, काय झालं?”

संगीत थांबलं. “हां, बोला.”

“तुमच्या लिफ्टच्या खड्ड्यात माझा भाऊ आहे. बाहेर जाऊन ओरडा, कुणी लिफ्ट चालू करू नका म्हणून. हात जोडते, पळा!”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चपला, दार. नोंदवाली कान फोनला चिकटवून उभी राहिली. मग मुलगी परत आली. तिला धाप लागली होती.

“अहो, लिफ्ट तर चालू आहे. आत्ताच खाली आली.” आणि मग वेगळ्याच आवाजात, “कुणीतरी ओरडतंय हो.”

दादा जिवानिशी वाचला. डबा खाऊन, फोन डब्याच्याच पिशवीत बाहेर ठेवून तो पुन्हा खड्ड्यात उतरला होता. लिफ्ट येताना दिसली तसा तो तळाशी सपाट पडला. पण पडताना तोल सांभाळायला टेकलेला उजवा हात तारेच्या फिरत्या पुलीत सापडला. तीन बोटं गेली.

हॉस्पिटलच्या बाकावर वॉचमन रडत होता. “पूर्वी मी खाली वाकून हाक मारायचो, चालू करू का म्हणून. आता निरोपच येतो, तर विचारायचं कुणाला?”

वहिनी आली ती थेट नणंदेपुढे उभी राहिली. “जेवण झालं आणि काम झालं, यातला फरक कळत नाही होय तुझ्या यंत्राला?”

“नाही कळत, वहिनी.”

वहिनी वळली आणि दादाच्या खाटेकडे गेली. आणखी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चौकशी झाली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला होता. पण समोर नोंद होती. मेकॅनिकने शब्द लिहिला, निरोप गेला, वॉचमनने पाळला.

“मीच विचारलं होतं, जेवलास का म्हणून,” ती म्हणाली. “वरच आहे, वाचा ना.”

“वाचलं. पण नियम स्पष्ट आहे. आणि तो तुम्हीच लिहिलाय.”

“मधली पायरी तुम्ही काढायला लावलीत.”

“ते कुठे नोंदलंय?”

ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. तोंडी बोलणं होतं ते. चूक मेकॅनिकची, असा निकाल लागला आणि तो पानावर चढवायचं कामही तिच्याकडेच आलं. तिने नोकरी सोडायचं ठरवलं, तर वहिनीच म्हणाली, “आता तू पण घरी बसू नकोस.” मग तिने पान लिहिलं. एका शब्दाऐवजी आता अख्खं वाक्य लिहायचं ठरलं. मेकॅनिकांनी ते एकदाच लिहून फोनमध्ये साठवून ठेवलं आणि प्रत्येक वेळी तेच चिकटवू लागले. तिने साहेबांना ते दाखवलं. साहेब म्हणाले, “बघू.”

एका रविवारी ती दादाकडे गेली. तो खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा प्रयत्न करत होता. ती पुढे झाली, तर त्याने मान हलवली.

“राहू दे. जमेल.”

ती समोर बसली. पहिलं बटण निसटलं, पुन्हा निसटलं.

“दादा, माझ्यावर रागाव तरी एकदा.”

त्याने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून, एखादी लिफ्ट का अडते ते शोधताना करायचा तसा.

“तू ‘जेवलास का’ म्हणून विचारलंस. त्यात रागावू कशावर?” तो म्हणाला. “वॉचमनवर रागवायला गेलो, तर तो बिचारा रोज येऊन बसतो इथे. साहेबांवर चिडावं, तर त्यांनी चांगला डॉक्टर गाठून दिला. रात्र रात्र शोधतो गं मी. कुणी सापडतच नाही.”

बटण काजात गेलं, पण एक घर चुकलं होतं. तिला ते दिसलं. त्यालाही दिसलं असावं. तो ते सोडवून पुन्हा पहिल्यापासून लावू लागला आणि ती हात मांडीवर ठेवून बघत बसली.