ग्रहाचा पासपोर्ट फोटो

फोटोवाल्या वहिनींच्या हाताखालून गावातला जवळजवळ प्रत्येक चेहरा गेला होता, आणि जाताना स्वच्छ होऊन गेला होता. मुरूम असो, पुटकुळी असो, वहिनींच्या माउसपुढे कुणाची डाळ शिजत नसे. लोक फोटो हातात घेत, "मी असा दिसतो?" म्हणून नाक मुरडत आणि अर्जावर चिकटवून मोकळे होत. आपण काढलेल्या फोटोकडे दुसऱ्यांदा बघणारा माणूस वहिनींना अजून भेटायचा होता. याचं त्यांना वाईट वाटे. बोलून दाखवत नसत, पण वाटे.

म्हणून दुकानासमोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "खुर्चीत आडवं झालं की पेशंटला वर नुसतं ओकं छत दिसतं. तिथे अंतराळाचं मोठं चित्र लावावं म्हणते. तुम्हाला जमेल?" तेव्हा वहिनी कसलाही विचार न करता "न जमायला काय झालं!" म्हणून बसल्या. शुक्रवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर बाजारात तयार मिळतं ते दात घासणाऱ्या सशाचं पोस्टर, असं ठरलं.

"ससा!" घरी येऊन वहिनी नणंदेवर उखडल्या. "माझ्या डोळ्यांदेखत तिथे ससा लागला तर मी दुकान उघडायची नाही."

नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, "मग कर की चित्र. मी तुला एक सॉफ्टवेअर टाकून देते. फुकट आहे."

"फुकटचं म्हणजे कसलं तरी असणार."

"दादासुद्धा तुला फुकटच मिळाला होता. चाललाच ना?"

सकाळी नणंदेने दुकानात बसून सगळं दाखवलं. आधी एक काळा थर घ्यायचा. त्यावर एक फिल्टर चालवला की जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा मुंग्याच मुंग्या येतात. उजेड-अंधारातला फरक वाढवत नेला की बहुतेक मुंग्या नाहीशा होतात, आणि उरतात त्या चांदण्या. वर ढगांचा एक जांभळट थर, अगदी विरळ. ग्रहासाठी वहिनींनी घरच्या करपलेल्या पातेल्याच्या बुडाचा फोटो आणला होता. तो गोळ्यावर चढवल्यावर असे खड्डे आणि अशा भेगा उमटल्या की नणंद खूश होऊन शाळेत गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर आभाळात चांदणी औषधालाही नाही.

"वहिनी, चांदण्या कुठे गेल्या?"

"कुठल्या? ते पांढरे ठिपके? अगं, ते तर मी..." वहिनींनी जीभ चावली. गिऱ्हाइकं येत-जात होती, मधल्या वेळात हात आपला डाग पुसत बसला होता. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण ग्रह फ्रेमच्या बरोब्बर मधोमध आला होता, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. खड्डे बुजले होते, भेगा गुळगुळीत झाल्या होत्या, आणि उजेड समोरून कसा सगळीकडे सारखा!

"हा परदेशी निघालाय का गं?" नणंद म्हणाली. "पासपोर्टचा फोटो काढलायस त्याचा!"

दोघी पोट धरून हसल्या. मग वहिनींचं हसू एकाएकी थांबलं. "मला दुसरं काही येतच नाही," त्या म्हणाल्या. "उद्या शुक्रवार. लागू दे तो ससा."

वहिनी घरी जायला म्हणून उठल्या आणि पुन्हा बसल्या. कुठले फोटो पासपोर्ट ऑफिसातून परत येतात, ते त्यांच्याइतकं कुणाला पाठ होतं? अर्धा चेहरा अंधारात असला की परत. एक कान फ्रेमबाहेर गेला की परत. गालावर चकाकी, कातडीवर डाग, मान तिरकी, सगळं परत. त्यांनी चांदण्या पुन्हा पेरल्या आणि ग्रहाच्या बाबतीत एकेक करून हे सगळे गुन्हे केले. तो तिरका केला, कोपऱ्यात ढकलला, एक बाजू कापली, अर्ध्या भागावर गडद सावली ओतली. पातेल्याचं बूड बघता बघता लांब गेलं, मोठं झालं, खरं वाटायला लागलं. डाग पुसायचं टूल तेवढं नणंदेने खबरदारी म्हणून लपवून ठेवलं.

शुक्रवारी चित्र छताला लागलं. पहिला पेशंट पोस्टमन. दुखऱ्या दाढेपेक्षा डॉक्टरांना जास्त भिणारा माणूस. वहिनी काहीतरी निमित्त काढून बाहेरच्या बाकावर बसल्या. आतलं मशीन घरघरलं आणि थांबलं.

"झालं. उठा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कुणी उठल्याचा आवाज आला नाही.

"अहो, भरली दाढ. दुखतंय का?"

"नाही हो," बधिर तोंडातून पोस्टमन म्हणाला. "त्या मोठ्या ग्रहाच्या पलीकडे काय आहे, ते बघतोय."

बाहेर वहिनींना इतका आनंद झाला की डोळे पुसायला पदर पुरेना. शेजारी गाल धरून बसलेला माणूस त्यांना म्हणाला, "फार दुखतंय का?"

"पुढचा पेशंट खोळंबलाय," आत डॉक्टरीणबाई वैतागल्या.

"मग बोलवा की त्याला," पोस्टमन म्हणाला. "मी सरकतो थोडा."