वाचणाऱ्यानं नाव द्यावं

पुंडलिकरावांनी आठ वर्षांपूर्वी आपल्या धडधाकट मुलीची तेरवी केली होती. हर्षानं जातीबाहेरच्या सचिनशी लग्न लावलं म्हणून यांनी न्हावी बोलावून डोकं भादरून घेतलं आणि पुनर्वसनातल्या अख्ख्या गावाला पंगत घातली. लोकही असे, की वांग्याची भाजी चापून जेवले, एकाच्याही घशात घास अडकला नाही. पोरगी तिकडे नागपुरात शिवणक्लास चालवत होती आणि इकडे तिच्या नावाच्या पत्रावळी उचलल्या जात होत्या. बायकोला, गोदावरीबाईंना, त्यांनी आपली शपथ घातली: तिच्याशी बोलायचं नाही. त्या दिवसापासून घरात हर्षाचं नाव निघालं नाही.

आणि हाच बाप गेली दोन वर्षं रोज सकाळी दहा वाजता, चहा झाला की, घरापुढच्या सपरीत खुर्ची टाकून मोबाईलवर तिचं लिखाण वाचत होता.

जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा माणसं पांगली. बरीचशी या नव्या गावठाणात आली, काही आसगावला, काही पार पुण्याला गेली. पुंडलिकरावांचा पुतण्या कैलाश शाळेत मास्तर. त्यानं जुन्या गावाच्या नावानं एक वेबसाइट काढली. ज्याला जे आठवेल त्यानं ते लिहायचं, जुने-नवे फोटो टाकायचे. लिहायचं तर नाव नोंदवावं लागे, वाचायला काहीच लागत नसे. कोण आला, कोण वाचून गेला, कोणाला पत्ता नाही. पुंडलिकरावांना हेच सोयीचं होतं.

हर्षा आठवड्यातून एकदा तरी लिहायची. बोडीच्या तळ्यातल्या मासोळ्या, धानाच्या रोवणीचा चिखल, शाळेच्या छताची गळती, काय वाटेल ते. मधेच कुठेतरी 'बाबा' यायचे, आणि तिच्या लिखाणात ते प्रत्यक्षापेक्षा बरेच चांगले असायचे. पुंडलिकराव तो मजकूर तीन-तीनदा वाचायचे. मग मोबाईल खिशात कोंबून गोठ्यात जायचे आणि म्हशीवर उगाच ओरडायचे. बिचाऱ्या म्हशीला साहित्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण तिलाच बोलणी बसायची.

यंदा उन्हाळ्यात भानगड झाली. तुलारामच्या नातीचे, डिंपलचे, हळदीचे फोटो साइटवर होते. कोणा नालायकानं ते उचलून भलत्याच ठिकाणी, घाण शब्द लिहून टाकले. पोरगी आठ दिवस घराबाहेर पडली नाही. कैलाशनं रविवारी समाजमंदिरात बैठक बोलावली.

"आता वाचाचं असन तरी नाव द्या लागन," कैलाश म्हणाला. "नाव द्या, मंग वाचा. लपून वाचणाऱ्याची गरज काय आपल्याले?"

म्हातारा डोमा उठला. "जुन्या गावात पारावर कोणी येऊन बसलं तं नाव इचारत होतो का आपण? आयकत बसे, उठून जाय."

"पारावर बसलेल्याचं तोंड दिसत होतं, डोमाजी," तुलाराम म्हणाला. "माह्या नातीचे फोटो नेणाऱ्याचं तोंड कोणी पायलं?"

डोमा खाली बसला. पण हात वर केले तेव्हा अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कैलाश म्हणाला, बाहेरगावच्या एकीचं मत आलं आहे, ते वाचतो. नाव न घेता त्यानं वाचलं, तरी कोणाचं आहे ते सगळ्यांना कळलं.

"फोटोंना कुलूप लावा. लिहिणाऱ्याचं नाव घ्या. पण वाचणाऱ्याला नाव विचारू नका. माझं लिहिलेलं एक जण वाचतो आणि एक जण ऐकते. त्यांना नाव देणं जमणार नाही. मी त्या दोघांसाठीच लिहिते."

पुंडलिकरावांनी खिशातला मोबाईल वरूनच दाबून धरला. म्हणजे तिला माहीत होतं. सगळं माहीत ठेवून ती लिहीत होती.

"कोण व्हय थे दोघं?" शकुनबाईंनी पदराआडून विचारलं. दोन-चार माना पुंडलिकरावांकडे वळल्या. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

"मोठेबाबा, तुमी सांगा," कैलाश म्हणाला. "तुमी म्हणाल तसं करू."

हो म्हणायला काय लागत होतं? 'राहू दे उघडं', एवढे तीन शब्द. कोणी काही विचारलंही नसतं. पण डोमानं, कसं कोण जाणे, अगदी साध्या मनानं विचारलं, "पुंडलिकभाऊ, तुमी तं वाचत असान ना?"

"मेलेल्या माणसाचं मी कायले वाचू?" पुंडलिकराव कडाडले. "करा बंद! अन नुसतं नाव नोको. घरातले सारे लिवाले लावा, पोरंबाळं धरून. सारं गाव पायन असं लिवाले लावा. म्हंजे खोटा माणूस घुसनार नाई."

कैलाशनं मान खाली घालून लिहून घेतलं. घरी परतताना एकच गोष्ट पुंडलिकरावांना उलगडत नव्हती. एक वाचतो हे ठीक, पण ऐकते कोण?

घरी चूल थंड होती. शेजारची रेणू बैठकीतून आधीच येऊन सांगून गेली होती. गोदावरीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बंद केलं म्हणते तुमी."

"तुले काय करा लागते?"

"मी आयकत होती ना," त्या म्हणाल्या. "तुमाले मनातल्या मनात वाचता येते का? चौथीत शिकले तसेच अजून वाचता, ओठ हालवून, आवाज काढून. तुमी सपरीत बसले का मी भिंतीच्या इकडून तांदूळ निवडाले बसत होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. दोन वर्ष झाले."

पुंडलिकरावांनी सपरीतल्या खुर्चीकडे वळून पाहिलं.

"बोलू नोको म्हणून शपथ घातली होती तुमी. आयकू नोको म्हणून नव्हती घातली. मी बोलली नाई तिच्यासंग. रेणूच्या हाती निरोप तेवढा धाडला, का बाबा वाचतात, माय आयकते, लिवत राय. रेणू म्हणे, माय, मीच वाचून दाखवतो. मी नाई म्हटलं. मले तुमच्याच तोंडून आयकाचं होतं. माही पोरगी या घरात तेवढीच येत होती, तुमच्या तोंडातून."

मग त्या रडल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्यासमोर, तोंडावर पदर न घेता. पुंडलिकराव गोठ्यापर्यंत गेले, पण आज ओरडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गोदावरीबाई सूप घेऊन आल्या त्या सरळ सपरीतच, त्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसल्या. "नाव टाका," एवढंच म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी मोबाईल उघडला. कैलाशनं त्यांनीच सांगितल्याबरहुकूम अर्ज तयार केला होता. नाव लिहिलं. जुन्या गावातलं घर लिहिलं. बायको, गोदावरी. मग अपत्ये. पहिलं, मुलगा मोनू. खाली दुसरी ओळ मोकळी होती.

ते त्या ओळीकडे बघत बसले. हर्षा लिहावं, तर पंगतीला जेवून गेलेला प्रत्येक माणूस ते वाचणार होता. भरल्या बैठकीत काल जे बोलले ते कोणत्या तोंडानं गिळायचं? बरं, ओळ मोकळी सोडावी, तर हर्षाही ते बघणार होती. बापानं पुन्हा एकदा आपली तेरवी केली, या खेपेला आपल्या हातानं लिहून, असंच ती समजली असती. त्यांनी 'ह' उमटवला. पुसला. पुन्हा उमटवला, पुन्हा पुसला. हा अर्ज आपल्याच तोंडून निघाला होता, दुसऱ्या कोणाला शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

"झालं का?"

गोदावरीबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या पडद्याकडे नुसत्या टक लावून बघत होत्या.

"हाव," पुंडलिकराव म्हणाले. "झालं."

"मंग वाचा."

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. समोर अर्धवट अर्ज होता. त्यांचे ओठ हलू लागले, आणि मग आवाज निघाला, चांगला मोठा, शेजारी ऐकू जाईल असा.

"मी चौथीत होते तेव्हा बाबांनी मला सायकलवर बसवून पवनीला नेलं होतं, डोळे तपासायला. येताना चाक पंक्चर झालं. बाबा उतरले आणि सायकल ढकलू लागले. ऊन फार होतं. मी मागं बसूनच होते, ते मला उतर म्हणाले नाहीत. घर येईपर्यंत म्हणाले नाहीत."

खाकरून त्यांनी शेवटच्या दोन ओळीही पाठ म्हटल्या, एक शब्द न चुकता. गोदावरीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आयकलं हाय मी," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीचं व्हय हे. आता नवीन वाचा."