झिल्पाच्या धाकटीचं नाव

झिल्पानं मला चर्चच्या मंडळीतून काढवलं त्याला बावीस वर्षं झाली. आणि मरायला टेकल्यावर निरोप कुणाला धाडावा बाईनं? मला! मी वड्यांसाठी चवळी वाटत होते. हात झग्याला पुसले आणि निघाले.

आम्ही दोघी एकाच जहाजातल्या. आमच्या फ्रीटाऊनकडे हे नातं सख्ख्या बहिणींहून वरचढ. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून विकायला चालवलं होतं आम्हाला. इंग्रजांनी जहाज भर दर्यात धरलं आणि इथं आणून उतरवलं. मिशनच्या शाळेत नवी नावं मिळाली. तिला झिल्पा, मला लेआ. पवित्र शास्त्रात झिल्पा ही लेआची दासी. इथं सगळं उलटं. जन्मभर तीच मला हुकूम सोडत आली.

पण तिची भक्ती खरी होती हो, खोटं कशाला बोलू. देवीच्या साथीत माझा मुलगा जोनास गेला तेव्हा शेजारीपाजारी दारं लावून बसले. झिल्पा एकटी आली. तिनं त्याला आंघोळ घातली, पांढऱ्यात गुंडाळलं, स्तोत्र म्हटलं. चाळिसाव्या दिवशी मी आमच्या जुन्या रीतीनं चवळी शिजवली, लाल ताडतेल ओतलं, नाव घेऊन पोराला जेवायला हाक मारली. तेलाचा वास तिच्या अंगणात गेला, आणि हीच बाई तडक पाद्रीबाबांकडे! "लेआ भुताखेतांना जेवू घालते." मंडळीच्या यादीतून माझं नाव कमी झालं. माझी चवळी चर्चमधल्या तिच्या प्रार्थनावर्गातल्या बायांनी उकिरड्यावर ओतली. मी मेले की चर्चची घंटा वाजायची नाही, आवारात पुरायला जागा मिळायची नाही. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं," म्हणायची. डोंबलाचं भलं!

तर गेले. ओसरीवर बाया स्तोत्रं गात होत्या. आत झिल्पा, नुसती हाडं उरलेली.

"दार लोट," ती म्हणाली.

"का गं? चोरून परत घेतेस की काय मला मंडळीत?"

"थट्टा नको, लेआ. मला धाकटी दिसते."

तिची धाकटी बहीण. पाच वर्षांची. जहाजातच गेली, खलाशांनी तिला पाण्यात टाकलं.

"भुकेली आहे गं ती. प्रभुभोजनाची भाकर तोंडात घालते आणि ती समोर उभी असते. आज नाही, किती वर्षं झाली. कुणाला सांगू? पाद्रीबाबांना?" तिनं माझं मनगट धरलं. "तू तिला जेवू घाल. दर्याकाठी."

"मी? भुताखेतांची बाई?"

"तूच. पण हाक कशी मारशील? मला तिचं नाव आठवत नाही. शास्त्रातली सगळी नावं येतात, तेवढं एकच येत नाही. तुला आठवतं का?"

आठवतं का! पोर माझ्याच कुशीत झोपायची. ती ओ देईनाशी झाली त्या दिवशी झिल्पा दिवसभर तेच एक नाव घेत होती. नाव माझ्या जिभेवर आलं. आणि त्याच क्षणी उकिरड्यावरची ती चवळी डोळ्यांपुढे आली.

"नाही बाई," मी म्हटलं. "मीपण विसरले."

ती रडली नाही. "बरं," म्हणाली. "मग ती तशीच राहायची." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

घरी आले. एक दिवस राहू दे तिला माझ्यासारखं तळमळत, म्हटलं; बावीस वर्षांपुढे एक दिवस म्हणजे काय! उद्या जाईन, सांगेन, दोन शिव्या देईन, मग रडू दोघी. सकाळी चवळी चुलीवर चढवली, डोक्याला फडकं बांधलं आणि निघाले. तिच्या फाटकापाशी पोचते तोच घंटा सुरू झाली.

मेले मी. तिच्याआधी मीच मेले.

पाद्रीबाबा कबरीपाशी म्हणाले, "या भगिनीनं मागचं सगळं टाकलं, काही शिल्लक ठेवलं नाही." मी आवाराच्या भिंतीबाहेर होते, माझी जागा तीच. माती लोटायला लागले तेव्हा मात्र राहवेना. गर्दीत घुसले, खड्ड्यात वाकून ओरडले, "अयोका! तिचं नाव अयोका, झिल्पा! ऐकलंस ना?"

"लाज नाही वाटत? प्रेतावर मंत्र घालतेस?" वर्गातल्या डॉर्कसनं मला दंडाला धरून मागं ओढलं.

अयोका कोण, झिल्पानं माझ्याकडे काय मागितलं, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेल्यावरही झिल्पाचं नाव कमी केलं असतं त्यांनी. तेवढी तिची अब्रू तरी राखली.

मग चवळी घेऊन दर्यावर गेले. लाल तेल ओतलं, अयोकाला हाक मारली, पाण्यात घास सोडले. कोलाच्या कडू बीच्या चार फाका वाळूवर टाकल्या; आमच्यात कौल असाच लावतात. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की मेलेलं माणूस जेवलं. पहिल्याच खेपेला तशा पडल्या. पोरीला भूकच तेवढी होती.

"जेवलीस ना बाळा?" मी म्हटलं. "आता ताईला सांग, लेआला नाव आठवत होतं. ती खोटं बोलली. तिला माफ कर म्हणावं."

झिल्पाचं उत्तर काय, ते विचारायला फाका पुन्हा टाकायच्या होत्या. त्या मुठीत धरून मी अंधार पडेतो बसले. टाकल्या नाहीत.