मल्लप्पा फिटरने तेल पाजलेला पियानो

मित्रांनो, कुर्डुवाडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरमच्या टेबलामागे एक काळा, जाडजूड गृहस्थ भिंतीला टेकून उभा दिसतो ना, तोच मी. मी एक जुना पियानो आहे. माझा जन्म कलकत्त्याचा, अंग सागवानाचे. गोऱ्या साहेबांच्या नाचगाण्यासाठी मला मालगाडीतून इथे आणले. साहेब गेले आणि माझ्या डोक्यावर पानाचे डबे नि चहाचे कप विसावू लागले.

मग एक दिवस वर्कशॉपमधल्या मल्लप्पा फिटरची आठ वर्षांची दाक्षायणी माझ्यासमोर येऊन बसली. गार्डसाहेबांच्या पत्नी तिला शिकवत. मुलगी महा हट्टी! शिकवलेली चाल वाजवून झाली की तीच मोडून-तोडून आपल्या मनाने नवी करी. यालाच जॅझ म्हणतात, हे तिला पुढे कळले. विसाव्या वर्षी ती मुंबईला गेली आणि एका मोठ्या हॉटेलात वाजवू लागली. लेक हॉटेलात वाजवते म्हटल्यावर मल्लप्पांचे पित्त खवळले. त्यांनी तिच्याशी बोलणेच टाकले.

दाक्षायणीची पहिली रेकॉर्ड निघाली, दुसरी निघाली. तिसरीने तर नाव गाजवले. पेपरात फोटो आले, परदेशातून बोलावणी आली. त्या रेकॉर्डी इथे माझ्याच डोक्यावर प्लेअर ठेवून लावत. दुसऱ्या पियानोचा आवाज ऐकून माझा जळफळाट होई, खोटे कशाला बोलू! मल्लप्पा खिडकीबाहेर उभे राहून ऐकत आणि कुणी बघायच्या आत निघून जात.

१९७६ साली इन्स्टिट्यूटला तिचे पत्र आले. चौथी रेकॉर्ड ती माझ्यावर वाजवणार होती! कंपनी तयार नव्हती. तिने भांडून एक दिवस मिळवला होता.

आदल्या दिवशी मल्लप्पा तेलाची कुपी घेऊन आले. तेव्हा ते नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांनी माझे झाकण काढले. माझ्या प्रत्येक पट्टीला आत एक छोटी हातोडी असते. पट्टी दाबली की ती तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तिच्या सांध्याला लोकरीचे अस्तर असते. मल्लप्पांनी एकूण एक सांध्यात मशीनचे तेल सोडले. उभ्या जन्मात त्यांनी कोरडे यंत्र कुणाच्या हाती दिले नव्हते. मला ओरडावेसे वाटले. पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय मला तोंड कुठले?

सकाळी दाक्षायणी वाजवायला बसली. तेल पिऊन लोकर फुगली होती. पहिल्याच सुराला हातोडी पुढे गेली ती तिथेच चिकटली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच.

"बाई, सामान आवरू का?" मुंबईच्या रेकॉर्डिंगवाल्याने विचारले. "तिकडे चांगला पियानो आहे."

"कुणी केलं हे?" ती कडाडली.

मल्लप्पा दारातून पुढे आले. "म्या केलं. यंत्र म्हनलं की तेल लागतंच की. तुला वाजवाया जड जाऊ नये म्हून घातलं. लई घाण झाली माझ्या हातनं."

बारा वर्षांनी बाप बोलला होता. दाक्षायणीचा राग कुठल्या कुठे पळाला. ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "अप्पा, स्पिरिट कुटं मिळंल?"

दोघांनी माझ्या हातोड्या सोडवल्या, स्पिरिटने पुसल्या, उन्हात वाळवल्या. चार वाजता मी पुन्हा बोलू लागलो. मधल्या तीन हातोड्या मात्र काही केल्या मागे येईनात.

"मी हातानं मागं वडतो," मल्लप्पा म्हणाले. "तू वाजव."

"मी पुडं काय वाजवनार ते माझं मलाच ठावं नसतं, अप्पा."

"मला ठावं असतंय. खिडकीतनं समदं ऐकलंय न्हवं."

दाक्षायणीने सरकून त्यांना माझ्याजवळ जागा करून दिली.

दोनदा चुकले. तिसऱ्या वेळी बाप-लेकीचा मेळ असा बसला, की रेकॉर्डिंगवाला गाडीची वेळ विसरला. पुढे त्या रेकॉर्डच्या पाकिटावर छापून आले: 'पियानो – दाक्षायणी. हातोड्या – मल्लप्पा, फिटर.'

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा. पण त्यांना काय सोसते ते जाणत्याला विचारून करा. माझी धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी मला पुरे. आणि कुणाशी बोलणे टाकले असेल, तर आजच जाऊन बोला. मल्लप्पांनी माझ्या हातोड्या मागे ओढल्या. ती बारा वर्षे मात्र त्यांना ओढून आणता आली नाहीत.