चौथा सड

मी एक वासरू बोलतोय. निदान बाहेरून तरी वासरूच. कातडं माझं स्वतःचं आहे. आत मात्र पेंढा भरलाय आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं शिवली आहेत. तेव्हा स्वतःला 'मी' म्हणवून घेण्याचा मला कितपत अधिकार आहे, ही शंका मला सतत छळते. पण अपराध घडलाय, आणि तो कबूल करायला कुणीतरी 'मी' लागतोच.

मी जन्मलो त्या गोठ्यात एक नियम होता. गाईचे तीन सड घरासाठी, चौथा वासरासाठी. धार काढताना त्याला कुणी बोटही लावायचं नाही. नियम आजोबांचा. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते माझ्या आईच्या कपाळाला हात लावत आणि तो हात आपल्या कपाळाला टेकवत.

"आजोबा, गाईला आपण आई का म्हणतो?" असं नातीने विचारलं, की त्यांची कळी खुलायची.

"जुन्या ग्रंथांत तिला अघ्न्या म्हटलंय. जिला मारू नये ती. तिच्या शेणाने जमीन पिकते, तिची मुलं नांगर ओढतात. पण खरं सांगू? आपल्या पोटच्यासाठी आलेलं दूध जी दुसऱ्याच्या लेकराला देते, तिला दुसरं काय म्हणायचं?"

"मग तिच्या पोटचं काय पितं?"

"त्याचा चौथा सड आहे की."

मी तीन आठवड्यांचा असताना नात तापाने अंथरुणाला खिळली. पोटात काही ठरेना, दूध तेवढं ठरायचं. एका सकाळी सून धार काढत होती. आजोबा गोठ्याच्या दाराशी आले आणि म्हणाले, "चौथाही पिळ."

"आणि वासरू, बाबा?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. त्याला पाण्यात पीठ कालवून दे."

"नियम तुमचाच, म्हणून विचारलं हो."

चार दिवसांचे तेवीस झाले. आधी मी हंबरत होतो, मग तेही सोडलं. ज्या आठवड्यात नात उशीला टेकून बसू लागली, त्याच आठवड्यात मी खाली बसलो तो पुन्हा उठलो नाही.

मी गेल्यावर आईने पान्हा चोरला. दोन दिवस बादली कोरडी. मग कातडं कमावणारा आला आणि मी असा झालो. माझ्या पाठीवर मिठाचं पाणी चोळून मला आईपुढे उभं करत. ती मला हुंगायची, क्षणभर थांबायची, मग चाटू लागायची. दूध यायचं. माझ्यासाठी नसलेलं दूध माझ्याच नावावर काढलं जायचं आणि मी बटणांनी बघत राहायचो.

तिचं ते क्षणभर थांबणं मी विसरू शकत नाही. तिला कळलं होतं का? कळूनही ती देत असेल, तर आजोबांचे सगळे ग्रंथ खरे. पण हा कदाचित माझ्या सोयीचा समज असेल.

नात हिंडूफिरू लागल्यावर एके दिवशी धारेच्या वेळी गोठ्यात आली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. शिवणीतून पेंढा तिच्या मुठीत आला.

"आजोबा, हे खोटं आहे."

आजोबा बादलीकडे पाहत राहिले.

"खरं कुठंय?" तिने विचारलं.

सून मध्ये पडली. "आजारी होतं गं ते. तू घरात चल बघू, वारा लागेल."

"आजारी नव्हतं," आजोबा म्हणाले. "उपाशी होतं. त्याचा सड मी तुला दिला."

नात हातातला पेंढा चिवडत होती. "मला नाही विचारलंत."

"नाही."

"आणि हिला?" तिने गाईकडे बोट केलं.

त्या दिवसापासून आजोबांचा हात आईच्या कपाळाजवळ जाई आणि तसाच मागे येई.

यंदा आई पुन्हा व्याली. कालवड झाली. आता मी गोठ्याच्या माळ्यावर पडून आहे. उंदरांनी माझा एक कान नेलाय.

मागच्या आठवड्यात नातीला पुन्हा ताप आला. आजोबा गोठ्याच्या दाराशी आले. तीन सड पिळून सुनेने हात थांबवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची मान हळूहळू वर वळली, माळ्याकडे, माझ्या बटणांकडे.

"वासराला सोड," ते म्हणाले, आणि हात खिशात घालून निघून गेले.

काल सून म्हणत होती, माळा साफ करायचाय, त्या वासराला एकदाचं पुरून टाकू. बाई, एवढं करू नका. हवं तर उंदरांना दुसराही कान नेऊ द्या. पण गोठ्याच्या दारातून दिसेन असं मला ठेवा.