कडी कोणत्या बाजूला?

मी एक जुना कापडी फलक आहे. मला लांबून पाहणारे गोधडी म्हणतात, जरा जवळून पाहणारे पडदा म्हणतात, आणि हात लावून पाहणारेच काय ते मला ओळखतात. मी मनावर घेत नाही. माझा स्वभाव चौकस आहे. दिवसभर भिंतीवर टांगलेल्याने लोकांच्या भानगडीत लक्ष घालायचं नाही, तर करायचं तरी काय?

मित्रांनो, माझा जन्म एका वाचनालयाच्या मागच्या खोलीतला. तिथे संध्याकाळी एक बाई मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायच्या. शेजारच्या लाँड्रीतली माणसं कामावरून सुटली की हात पुसत यायची. माणूस म्हणून आपले हक्क कोणते, हे बाईंना त्यांना शिकवायचं होतं. पण बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती, आणि घडीमामांना तर दिसतच नव्हतं. मामा लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचे. नजर गेली तरी त्यांच्या चादरीचं टोक टोकाला लागायचंच. तेव्हा बाईंनी ठरवलं, हक्क हाताला लागले पाहिजेत.

मला शिवलं ते मावशीने. लाँड्रीत फाटक्या चादरी रफू करायचं काम तिच्याकडे होतं. तिने एका बाद चादरीवर एकेक चित्र उठवलं. बोलण्याच्या हक्कासाठी उघडं तोंड, त्यात साटिनची जीभ. विश्रांतीच्या हक्कासाठी कापूस भरलेली इवलीशी उशी. पहिल्याच दिवशी मामांचा हात त्या उशीवरून हलेना, तेव्हा सगळा वर्ग हसला. मलाही फार बरं वाटलं. आणि सगळ्यात शेवटी एक खोली. खिशासारखी, मागच्या बाजूने हात आत घालता येईल अशी. तिला पुढे कापडी दार आणि कडी म्हणून एक मोठं बटण.

बाईंच्या मनात होतं ते घर. आपल्या घरात आपल्याला विचारल्याशिवाय कुणी शिरू नये, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, आत हात घाला आणि दार आतून लावून बघा. मामांनी हात घातला. बराच वेळ चाचपलं.

"बाई, बटण बाहेर आहे," ते म्हणाले.

बाईंना वाटलं, शिवताना नजरचूक झाली असेल. त्यांनी मावशीला हळूच विचारलं. मावशी गोंधळली.

"तुम्ही खोली शिव म्हणालात. मी आमची लाँड्रीतली शिवली. तिची कडी बाहेरूनच असते."

मला तर राहवेना. बाहेरून कडी? आणि आत माणसं? मग एकेकाने थोडं थोडं सांगितलं. चादरी चोरीला जाऊ नयेत म्हणून सगळे आत गेले की मुकादम बाहेरून कडी घालायचा. एकदा वाफेचा पाइप फुटला होता. सगळे दारावर हात आपटत ओरडत होते, आणि धक्काबुक्कीत मामा कोपऱ्यात अडकले होते. बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी ऐकलं म्हणून निभावलं. पाइप दुरुस्त झाला, पण कडी होती तिथेच राहिली. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बाई म्हणाल्या, कामाच्या जागेतून सुखरूप बाहेर पडता येणं हाही तुमचा हक्क आहे, तो मागा. सगळे जमिनीकडे बघू लागले. मुकादम मावशीचा टाका ओळखायचा. हा फलक कुणी शिवला हे त्याला एका नजरेत कळलं असतं, आणि मग नोकरी गेलीच. तिने कात्री काढली आणि ती माझ्या बटणाकडे आली. खरं सांगतो, मी घाबरलो.

मामांनी बटणावर हात ठेवला. "राहू दे गं. पाइप पुन्हा फुटला, तर दार मी सापडवीन. पण उघडू कसं?"

मावशीने कात्री मिटली. दुसऱ्या दिवशी तिनेच मला पिशवीतून लाँड्रीत नेलं. मामा तिच्यासोबत होते.

मुकादमही माझ्यासारखाच चौकस निघाला. हे काय नवीन, म्हणत त्याने माझ्या खोलीत हात घातला. मावशीने बाहेरून बटण लावलं. त्याने आतून ढकललं, ओढलं, बोटांनी खटपट केली.

"अरे, बाहेरून उघडा की कुणीतरी," तो हसत म्हणाला.

मग त्याचं हसू मावळलं. त्याने मागे वळून खऱ्या दाराकडे पाहिलं. तरीही तो लगेच काही कबूल झाला नाही. मालकांना चोरीची भीती वाटते, असं तो पुटपुटला.

"चादरी मोजून घ्या, साहेब," मामा म्हणाले. "माणसं कोंडू नका."

विचारून बघतो, एवढंच बोलून तो गेला. त्यानंतरचे दिवस वाईट होते. मावशीचा जीव टांगणीला लागला होता, आणि वर्गात शिवताना सुई सारखी तिच्या बोटात घुसत होती. शेवटी एका सकाळी सुतार आला. त्याने बाहेरची कडी काढली आणि आतून बसवली. त्या संध्याकाळी मावशीने माझंही बटण उसवलं आणि आतल्या बाजूला घट्ट शिवलं. शिवताना ती रडत होती. मामा तिच्या शेजारी नुसते बसून होते.

पुढे वर्गात एक छापील, चकचकीत फलक आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ खात पडून राहणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण एके दिवशी मामांनी त्या नव्या फलकावरून हात फिरवला. सगळीकडे सारखंच गुळगुळीत. "बाई, यात दार कुठंय?" त्यांनी विचारलं, आणि बाईंनी मला खाली काढलं.

आता माझी उशी चपटी झाली आहे, जीभ फिकी पडली आहे. मित्रांनो, मला धुवा, उसवलो तर शिवा, पण कपाटावर टाकू नका. आणि बाहेरच्या बाजूला जुन्या बटणाची भोकं आहेत, ती मात्र बुजवू नका. नवीन माणूस त्यांवर बोट ठेवून विचारतो, इथे काय होतं? मग मावशी सगळं सांगते.

तुम्हीही उद्या कामावर जाल, तेव्हा दाराची कडी कोणत्या बाजूला आहे ते बघा. बाहेर असेल, तर का, म्हणून विचारा.