खडूची एक ओळ

मला मान नाही. असती तर खाली घालूनच बोललो असतो. मी ओकच्या लाकडाचं पिंप. आता निम्मंच उरलोय, कॅनडातल्या ग्वेल्फ गावच्या एका बॅकयार्डात, पोटात माती आणि मेथी घेऊन.

माझा जन्म अमेरिकेतल्या केंटकीचा. माझं लाकूड दोन वर्षं उघड्यावर वाळायला हवं होतं. पण मागणी वाढली, म्हणून ते भट्टीत घालून महिन्याभरात उरकलं. मग पोटात व्हिस्की भरली. तिच्या बाटलीवर पूर्वी 'आठ वर्षं' असं छापत. मालकांना घाई झाली, तसा लेबलवरचा आकडा गेला आणि पाचव्याच वर्षी मला रिकामं केलं. चव उथळ होती. लोक तरीही घेत होते, मग मीही गप्प बसलो.

तिथून ग्वेल्फच्या व्हिस्की कारखान्यात आलो, पोटात पुन्हा नवी व्हिस्की भरली. तिथे क्वालिटी तपासायची पुण्याची शुभदा. स्वतः कधी पीत नाही. तळहातांवर थेंब चोळायची आणि तूप कढल्याचा वास घ्यावा तसं डोळे मिटून हुंगायची. व्हिस्की निदान तीन वर्षं पिंपात मुरलीच पाहिजे, असा इथला कायदा. ती भरली त्या दिवशी तिने नाक मुरडलं आणि माझ्या झाकणावर खडूने मराठीत लिहिलं, 'अजून दोन वर्षं हवीत.' लिहिल्याचं समाधान, आणि वाचणारं कुणी नाही. रिपोर्टात मात्र ही ओळ नव्हती.

आठवड्याने मॅनेजर तिची सही घ्यायला आला. ख्रिसमसआधी माल दुकानात हवा होता. बरोबर सेल्समध्ये नवा लागलेला नागपूरचा जयदीप. ती अक्षरं पाहून तो हरखलाच.

"अरे वा ताई, मराठी! इट सेज, नीड्स टू मोअर इयर्स!"

मॅनेजर वळला. "इज दॅट राइट, शुभदा?"

माझा जीव टांगणीला लागला. बोल गं, मी मनात म्हणत होतो.

ती हसली. "ओह, दॅट्स ओल्ड. इट्स फाइन." आणि सही केली.

मला तिची लाज वाटली, पण स्वतःची जास्त. माझं लाकूड नीट वाळलेलं असतं, तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

पुढे मला कापलं. झाकणाकडचा अर्धा भाग तिने मुद्दाम मागून घरी आणला आणि झाकण खाली करून ठेवला. ती ओळ आता माझ्या बुडाखाली आहे.

परवा मेथी खुडताना तिचा फोन वाजला. पुढच्या मालाची सही हवी होती. "शुअर, नो प्रॉब्लेम," ती म्हणाली. फोन बंद केला आणि मेथीकडे बघत पुटपुटली, "अजून दोन वर्षं हवी होती."

शुभदाताई, हे मला सांगून काय उपयोग? मी तुझ्यासारखंच गप्प बसलेलं पिंप. फोन अजून तुझ्या हातातच आहे.